लेकीचा मापाने बनवलेला डोळा : कवळ्या बनवणाऱ्या एका आईचा अभिप्राय

माझ्या लेकीचा डावा डोळा ती दोन वर्षांची होण्याआधीच काढावा लागला. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कॅन्सर. आता ती शाळेत जाते आणि तिच्या खोबणीत मापाने बनवलेला कृत्रिम डोळा आहे. त्याआधी काही महिने तयार मिळणारा डोळा वापरून झाला. दोन्ही वापरून पाहिल्यामुळे हे लिहितेय. शिवाय मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. हे डोळे ज्या पीएमएमए नावाच्या कडक प्लास्टिकचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे असतात, त्याच अ‍ॅक्रिलिकमध्ये माझे हात रोज असतात. त्यामुळे डोळा समोरून किती हुबेहूब दिसतो एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मी तो उलटा करून मागची बाजू बघते.

माझं मत आधीच सांगते. डोळा मापानेच बनवून घ्या. आणि तो बनवणारा माणूस निवडताना, आपण शोभेची वस्तू घेतोय असं समजू नका. कॅन्सर झालेल्या खोबणीकडे तो पुढची कित्येक वर्षं नियमित बघणार असतो. घरातला कुणी इतकं आत बघत नाही. हे काम तो उपचाराचा भाग म्हणून करतो की नाही, यावर मी त्याची पारख करते. बाकी सगळं त्यानंतर.

हे का म्हणते ते कळायला आमच्याकडे काय घडलं ते थोडं सांगावं लागेल. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तिच्या एका बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी पांढरट चमक दिसायची, आणि तो डोळा हळूहळू तिरळा होऊ लागला होता. रेटिनोब्लास्टोमाची सगळ्यात जास्त दिसणारी दोन लक्षणं हीच. निरोगी डोळ्यात फ्लॅशचा उजेड दृष्टिपटलामागच्या रक्ताने भरलेल्या थरावरून परततो म्हणून लाल दिसतो. मध्ये गाठ असली की तो गाठीवरूनच पांढरा परततो. मोतीबिंदूनेही असं होऊ शकतं, कधी निरोगी डोळा एका विशिष्ट कोनात असला तरी होतं. पण ते ठरवायचं काम बाहुली मोठी करून तपासणाऱ्या डॉक्टरांचं. फोटो बघून घरच्यांनी ते ठरवू नये, आणि तपासणीला उशीरही करू नये.

हा आजार दुर्मीळ आहे. साधारण 15,000 ते 20,000 जन्मांमागे एक मूल, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच. वेळेत सापडला आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुतांश मुलं वाचतात. जिथे उपचार चांगले मिळतात तिथे हे प्रमाण 95 टक्क्यांच्या वर आहे. लहान गाठींना लेझर, गोठवण्याचा उपचार, शिरेतून केमो, थेट डोळ्याच्या धमनीत केमो असे मार्ग आहेत आणि पुष्कळ मुलांचा डोळा वाचतोही. आमच्याकडे गाठीने जवळजवळ पूर्ण डोळा भरला होता, आतला दाब वाढला होता. ‘ग्रुप ई’ असं कागदावर लिहिलं गेलं, म्हणजे डोळ्यातल्या आजाराची सगळ्यात पुढची पायरी. दृष्टी परत येणार नव्हती, आणि डोळा ठेवला तर पेशी डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे जाण्याची भीती होती.

इथे बऱ्याच आईवडिलांच्या मनात येतं तेच माझ्याही मनात आलं होतं. आधी सुईने तुकडा काढून खात्री का करत नाहीत? या कॅन्सरमध्ये तसं मुद्दाम टाळतात. डोळ्याला भोक पाडलं तर पेशी बाहेर सांडू शकतात. निदान तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआयवर होतं. डोळा काढताना मागची नस जमेल तितकी लांब कापतात आणि तिचं टोक स्वच्छ आहे की नाही हे पॅथॉलॉजीत बघतात. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत कृत्रिम डोळ्याचा विचार करायचं मला सुचत नव्हतं. टोक स्वच्छ होतं.

आता मूळ विषय. पुष्कळ लोकांना वाटतं की कृत्रिम डोळा म्हणजे पूर्ण गोल चेंडू. तसा तो नसतो. ऑपरेशनमध्येच खोबणीत खोलवर एक गोल इम्प्लांट बसवतात, डोळा हलवणारे स्नायू त्याच्याभोवती जोडतात आणि वरून आवरण शिवून टाकतात. बाहेरून दिसते ती गुलाबी, ओली, तोंडाच्या आतल्या कातडीसारखी जागा. कृत्रिम डोळा म्हणजे तिच्यावर, पापण्यांच्या आत बसणारी वाटीसारखी जाड चकती. हालचाल येते ती मागच्या इम्प्लांटमधून. ती चकतीपर्यंत किती पोहोचेल हे चकतीची मागची बाजू त्या जागेला किती नेमकी टेकते यावर ठरतं. लहान मुलात आणखी एक गोष्ट आहे. खोबणीचं हाड आत भरलेल्या आकारमानाच्या धक्क्याने वाढतं. जागा रिकामी राहिली की ती बाजू मागे पडते, चेहरा एकीकडे बसका दिसू लागतो. म्हणून ऑपरेशननंतर लगेच एक पारदर्शक प्लास्टिकची चकती, कॉन्फॉर्मर, घालून ठेवतात आणि सूज उतरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डोळ्याचं माप घेतात.

आम्ही आधी घेतला तो तयार डोळा होता. एका दुकानात खणाखणात रंगाप्रमाणे लावलेले डोळे असतात, त्यातून जवळचा निवडायचा. दुकानाचं नाव लिहीत नाही. विकणाऱ्याने तो घातला, पापणी मिटतेय का बघितलं आणि झालं. घरी आल्यावर मी तो काढून मागची बाजू बोटाने तपासली. सगळीकडे एकाच वळणाची, कुणाच्याही खोबणीची नसलेली. कवळी अशी असती तर मी ती रुग्णाच्या तोंडात जाऊ दिली नसती. जिथे टेकत नाही तिथे चिकट स्राव साचतो, जिथे जास्त टेकतो तिथे कातडी लाल होते. तेच झालं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, आणि डोळा एका कोपऱ्यात वळून बसायचा. कुणाला तातडीने तात्पुरता डोळा हवा असेल तर समजू शकते. कायमसाठी नको, मुलासाठी तर नकोच.

मापाचा डोळा बनवणाऱ्या ऑक्युलरिस्टकडे आम्हाला शस्त्रक्रिया केलेल्या विभागातूनच पाठवलं. पहिली गोष्ट आवडली ती ही की त्यांनी आधी पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड मागितलं, केमो चालू आहे का विचारलं, मग मुलीकडे वळले. दुसरी गोष्ट मला अजून आठवते. त्या वयाचं मूल माप देताना शांत राहणं अवघडच. लेकीच्या उजव्या डोळ्याची भुलीखालची तपासणी ठरलेलीच होती. त्यांनी डॉक्टरांशी बोलून त्याच वेळी माप घेतलं. वेगळी भूल नाही, रडारड नाही. दोन ठिकाणची माणसं एकमेकांशी बोलतात हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि माझा जीव जरा खाली पडला.

मापासाठी वापरतात ते अल्जिनेट, आमच्याकडे दातांसाठी वापरतो त्याच जातीचं, डोळ्यासाठी जास्त बारीक दळलेलं. सच्छिद्र ट्रेमधून ते खोबणीत सोडतात आणि काही मिनिटांत ते रबरासारखं घट्ट होतं. त्यावरून मेणाचा नमुना. हा नमुना घालून पापणीचा बाक, उघडझाप आणि दुसऱ्या डोळ्याची पातळी जुळेपर्यंत मेण तासणं, भरणं चालतं. आमच्या ऑक्युलरिस्टनी या पायरीला सगळ्यात जास्त वेळ दिला. ते बरोबरच आहे. मेणात राहिलेली चूक अ‍ॅक्रिलिकमध्ये दुरुस्त होत नाही, झाकली जाते.

मग पांढरं अ‍ॅक्रिलिक फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डबीत, भरून गरम पाण्यात क्युअर करतात, म्हणजे पक्कं करतात. इथे माझ्यातली लॅबवाली जागी झाली. घाई केली, एकदम तापवलं तर मोनोमर, म्हणजे त्यातला पातळ कच्चा द्रव, उकळून आत बारीक छिद्रं पडतात. कमी वेळ ठेवलं तर न मुरलेला मोनोमर शिल्लक राहतो आणि तो नाजूक कातडीला चावतो. आम्ही कवळ्या 74 अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतो. ते कसं करतात असं विचारलं तेव्हा त्यांनी न चिडता सांगितलं आणि क्युअरिंगचा टँक दाखवला. ज्याला असा प्रश्न आवडत नाही त्याच्याकडून मी डोळा घेतला नसता.

रंगकाम हा बघण्यासारखा भाग. लेकीला आईच्या मांडीवर, म्हणजे माझ्या, खिडकीसमोर बसवलं. तिच्या उजव्या बुबुळाकडे बघत बघत थर चढत गेले. तपकिरी म्हणजे एकच तपकिरी नसतो. कडेला काळसर पट्टा, आत उबदार, बाहुलीजवळ किंचित पिवळसर. पांढऱ्या भागालाही निळसर छटा दिली, कारण लहान मुलांचा पांढरा भाग मोठ्यांपेक्षा निळसर असतो. रक्तवाहिन्यांसाठी लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू एकेक करून ठेवले. शेवटी वरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा थर, त्यामुळे बुबुळ आत खोल असल्यासारखं दिसतं. मागची बाजू मी अर्थातच बघितली. काचेसारखं पॉलिश, एकही ओरखडा नाही, कडा गोलाकार. कामाला मनापासून दाद दिली.

हे डोळे पूर्वी काचेचे असत, आणि उत्तम काच जर्मनीतून येई. दुसऱ्या महायुद्धात ती बंद झाली तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या दंततंत्रज्ञांनी कवळ्यांच्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळे बनवायला सुरुवात केली. आपल्या धंद्यातल्या माणसांनी हे केलं याचा मला फार अभिमान वाटतो.

आमच्या ऑक्युलरिस्टच्या बाकावर फक्त मुलं नसतात. आमच्यासारखीच नेमाने येणारी एक आजी भेटायची. चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या आणि डोळ्याच्या मागच्या भागात गाठ सापडली. दुखत नव्हतं, लाल नव्हता, नजरही फारशी कमी नव्हती. मोठ्या माणसांत डोळ्यातच सुरू होणारा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हा, मेलॅनोमा. दृष्टिपटलाखालच्या रंगद्रव्याच्या पेशींतून होतो, बहुधा साठीच्या आसपास. काहींना प्रकाशाच्या रेघा, नजरेत सावली, वेडंवाकडं दिसणं असं जाणवतं, काहींना काहीच नाही. नावात मेलॅनोमा असला तरी तो कातडीवरचा नव्हे आणि लेकीच्या आजाराशीही त्याचा संबंध नाही. पेशी वेगळ्या, वय वेगळं, वागणूक वेगळी. त्यांचा डोळा गाठ मोठी असल्यामुळे काढावा लागला. मध्यम आकाराच्या गाठीवर किरणोत्सारी चकती काही दिवस डोळ्याच्या बाहेरून टाचून ठेवतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत अशा रुग्णांचं आयुष्य डोळा काढलेल्यांइतकंच निघालं. म्हणून मोठ्यांपैकी कुणाला ‘डोळा काढा’ असं सांगितलं असेल तर किरणांचा पर्याय बसतो का हे जरूर विचारावं.

त्या आजींमुळे मला आणखी एक कळलं. हा मेलॅनोमा पसरलाच तर बहुतेक वेळा यकृताकडे जातो, आणि तेही कधी कधी कित्येक वर्षांनी. त्यामुळे डोळा बसवून झाला, आता संपलं, असं त्यांच्यासाठी नव्हतंच. यकृताची तपासणी ठरलेल्या मुदतीत चालू होती, आणि पॉलिशला आल्या की ऑक्युलरिस्ट त्यांना त्याबद्दल विचारायचे. ही सवय मला फार मोलाची वाटते. मोठ्यांच्या डोळ्यात दुसरीकडचा कॅन्सरही येऊन बसतो, विशेषतः स्तनाचा आणि फुप्फुसाचा. पापणीवर परत परत येणारी रांजणवाडीसारखी गाठ, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वाढणारा पांढरट उंचवटा, हेही डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता ज्या प्रसंगामुळे मी ही सेवा डोळे मिटून सुचवते तो सांगते. वर्षभराने लेकीचा डोळा जरा पुढे आल्यासारखा, नीट न बसल्यासारखा वाटू लागला, आणि एकदा काढताना रक्ताचा डाग दिसला. मला वाटलं घासून जरा कमी केलं की बसेल. माझ्या कामात आम्ही तसंच करतो. ऑक्युलरिस्टनी चकती काढून टॉर्चने आत बघितलं आणि हत्यार हातात घ्यायला साफ नकार दिला. “आधी डॉक्टर बघतील. नीट बसणारा डोळा अचानक बसेनासा झाला तर मागून काहीतरी ढकलतंय का हे आधी बघायचं,” असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून त्याच दिवशी पाठवलं. खोबणीत कॅन्सर परत आला तर तो असाच दिसू शकतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या एकदोन वर्षांतच. सुदैवाने ती मांसल, निरुपद्रवी वाढ निघाली, घर्षणाने येते तशी. ती काढली, जागा भरली, मग नवीन माप घेतलं. तयार डोळ्याच्या दुकानात हे कुणी बघितलं असतं, असं मला वाटत नाही.

उणिवा आहेत. पहिल्या वेळी सगळं तोंडी सांगितलं, हातात कागद दिला नाही. डोळा काढायचा कसा, घालायचा कसा, टोकदार बाजू नाकाकडे, हे थकलेल्या आईबापांच्या लक्षात राहत नाही. मी आग्रह धरल्यावर वरच्या कडेवर बारीक खूण करून मिळाली. सगळ्यांनाच न मागता मिळायला हवी. बाहुलीचा आकारही एकच असतो, घरातल्या उजेडाला जुळवलेला. कडक उन्हात उजवी बाहुली लहान होते आणि फरक दिसतो. हा त्यांचा दोष नाही, पण आधी सांगितलं असतं तर पहिल्यांदा मैदानावर बघून मी इतकी चरकले नसते. हालचाल चांगली आहे, समोरासमोर बोलताना कळत नाही. कोपऱ्यात बघायला लागली की मात्र डावा डोळा मागे राहतो. लेक आता मान वळवून बघते. तिला तशी सवय झाली आहे.

सांभाळायच्या बाबतीत माझ्या धंद्यातलं सांगते. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट, सॅनिटायझर, उकळतं पाणी लावू नका. अल्कोहोलने त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, त्यात घाण बसते, आणि ते पॉलिशनेही धड जात नाही. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापड, भरपूर धुणं, बस. काढायला छोटा रबरी सक्शन मिळतो, तो जवळ ठेवा. उगाच रोज काढून बघू नका, काढघालीनेच जास्त स्राव होतो. अश्रूंतली प्रथिनं पृष्ठभागावर बसतात म्हणून वर्षातून एकदा तरी व्यावसायिक पॉलिश हवंच. मुलांना त्याहून लवकर, कारण खोबण वाढत असते. मोठ्यांचा डोळा साधारण पाच वर्षं चालतो, मुलांचा बदलावा लागतो तेव्हा बदलायचा.

आणि उरलेला डोळा. लेकीला नंबर नाही, तरी ती पॉलीकार्बोनेटच्या काचांचा चष्मा घालते, खेळताना तर काढूच देत नाही. त्या डोळ्याच्या तपासण्या चालू आहेत. रेटिनोब्लास्टोमाच्या साधारण 40 टक्के मुलांमध्ये आरबी1 या जनुकातला बिघाड शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो. तसं असेल तर दुसऱ्या डोळ्याला आणि पुढे शरीरात इतरत्र कॅन्सरचा धोका राहतो, भावंडांचीही तपासणी लागते. एकच डोळा बाधित असला तरी हे संभवतं, म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्या. आमच्या ऑक्युलरिस्टनी पहिल्याच भेटीत विचारलेला एक प्रश्न होता, “हिची जीन टेस्ट झाली का?” त्यांच्या कामाशी त्याचा थेट संबंध नव्हता, तरी विचारला.

तुम्ही कुणाकडे जाणार असाल तर फोनवरच एवढं विचारा. माप घेऊन बनवता की तयार डोळा घासून बसवता? मुलाचं माप भुलीच्या तपासणीबरोबर घ्यायला डॉक्टरांशी बोलाल का? पॉलिशच्या भेटीत खोबण आतून बघता का, आणि काही वेगळं दिसलं तर कुणाकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नाला त्या डॉक्टरांचं नाव लगेच सांगता आलं नाही, तर दुसरा ऑक्युलरिस्ट बघा.